नाशिक झालं!

‘होणे’ या क्रियापदाचे अर्थ सांगताना मराठी व्याकरण अस्तित्वात येणे, घडणे, शक्य असणे आणि संपणे या चार अर्थांना मान देते. परंतु याच क्रियापदाचा एक पाचवा अर्थ नाशिकच्या गोदाघाटावर रोज कानी पडतो आणि व्याकरणकारांनी त्याची दखल घेण्याचे राहून गेले आहे. ‘राम झाला, सीता झाली, आता पांडव राहिले’ या वाक्याने महाकाव्यांचा अभ्यासक चक्रावून जाईल, कारण त्यात दोन युगे एका स्वल्पविरामात ओलांडली आहेत. रामकुंडाजवळच्या चहावाल्याला मात्र त्याचा अर्थ तत्काळ कळतो, तो असा की काळारामाचे दर्शन घेऊन झाले, सीतागुंफेतून सुखरूप बाहेर पडणे झाले आणि पांडवलेणी अद्याप पाहावयाची आहेत. हे वाक्य उच्चारणारा, मुंबई, ठाणे किंवा डोंबिवलीहून सकाळी येऊन रात्री घरी परतणारा, पाठीवर सॅक आणि मोबाइलमध्ये यादी बाळगणारा महाविद्यालयीन विद्यार्थी हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. त्याला प्रत्येक वाचक ओळखतो, कारण तो प्रत्येकाच्या घरात किंवा निदान शेजारी असतोच.

सोयीसाठी त्याला ‘एकदिवशी’ म्हणावे. एकादशी आणि एकदिवशी या शब्दांत उच्चाराचे साम्य असले, तरी एकादशीला माणूस उपास करतो आणि एकदिवशी हा दिवसाचा आरंभ मिसळीने करतो, एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे गोंधळ होत नाही. पाण्याच्या आश्रयाने पवित्र मानलेल्या स्थानाला ‘तीर्थ’ आणि पवित्र मानलेल्या भूमीला ‘क्षेत्र’ असे म्हणतात, आणि नाशिक ही दोन्ही असल्यामुळे येथील धार्मिक व्यवहारांची गती पूर्वीपासून सावकाश आहे. शेजारच्या त्र्यंबकेश्वरी होणारा नारायण-नागबळीचा विधी तीन दिवस चालतो, तर गुरू हा ग्रह सिंह राशीत आला म्हणजे भरणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी बारा वर्षे वाट पाहावी लागते. ज्या गावात देवांच्या सोयीने काळ मोजला जातो, त्या गावासाठी एकदिवशाने आठ तास राखून ठेवलेले असतात आणि त्यातही ‘जेवणाचा अर्धा तास कमी करता येईल’ अशी टीप यादीखाली लिहिलेली असते.

यादी हा एकदिवशाचा प्राण होय. तिच्यात तेरा स्थळे असतात, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन असतो आणि त्या चौकोनात बरोबरची खूण उमटली की त्या स्थळाच्या नावापुढे ‘झालं’ हा शब्द लागतो. सहलीची आखणी करताना पहिला घोटाळा ठरलेला असतो, तो म्हणजे पंचवटीला जायचे म्हणून पंचवटी एक्सप्रेसची चौकशी करणे. ही गाडी सकाळी मनमाडहून निघून नाशिककरांना मुंबईच्या कचेऱ्यांत पोहोचवते आणि संध्याकाळी परत आणते, त्यामुळे मुंबईहून सकाळी पंचवटीस निघालेल्या माणसाला पंचवटी वाटेत, उलट दिशेने जाताना भेटते. अखेर पहाटे उठून मुंबईहून सव्वासहाच्या सुमारास सुटणारी तपोवन एक्सप्रेस पकडली जाते. कसारा घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती जोडण्यासाठी गाडी थांबली असतानाच ‘कसारा झालं’ अशी पहिली घोषणा होते; घाट अजून चढावयाचा असतो, या गोष्टीला एकदिवशी महत्त्व देत नाही.

नाशिक रोड स्थानक मूळ गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर असल्याने येथे आलेला मनुष्य तांत्रिकदृष्ट्या अद्याप नाशकात आलेला नसतो. परंतु स्थानकाजवळच मुक्तिधाम नावाचे संगमरवरी मंदिर आहे, त्याच्या भिंतींवर गीतेचे अध्याय कोरलेले आहेत आणि आवारात बाराही ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत. शिवाच्या बारा प्रमुख स्थानांना ज्योतिर्लिंगे म्हणतात, ती सोमनाथापासून रामेश्वरापर्यंत आणि केदारनाथापर्यंत पसरलेली आहेत, आणि भाविकांची आयुष्ये ती पुरी करण्यात खर्ची पडतात. एकदिवशी ती बाराही ज्योतिर्लिंगे सकाळी साडेदहाच्या आत उरकतो. या बारांत त्र्यंबकेश्वराचाही समावेश असल्याचे त्याच्या ध्यानात येताच त्याचा चेहरा उजळतो, कारण नाशिकपासून सुमारे 28 किलोमीटरवरचे खरे त्र्यंबकेश्वर हीच यादीतील सर्वांत वेळखाऊ बाब असते. ‘चला, त्र्यंबक इथेच झालं,’ असे म्हणून तो खूण करतो. बरोबरच्या चार मित्रांपैकी एकाला ही सोय शास्त्रसंमत आहे का अशी शंका येते; तिचे निरसन ‘देव एकच असतो रे’ या अद्वैत सिद्धान्ताने होते, जो एरवी परीक्षेच्या आदल्या रात्रीखेरीज कोणाला आठवत नाही.

त्यानंतर मिसळ येते. नाशिकची मिसळ मोड आलेल्या कडधान्याची, वर शेव-कांदा, सोबत पापड आणि दह्याची वाटी, आणि रस्सा काळा की लाल यावर घराघरांत मतभेद असलेली. ‘मिसळ झाली’ हे एकदिवशाच्या दिवसभरातील एकमेव वाक्य व्याकरणाच्या सर्व कसोट्यांना उतरते, कारण मिसळ खरोखरच संपलेली असते.

पंचवटीत पाऊल ठेवल्यावर मात्र या क्रियापदाची परीक्षा सुरू होते. नाशिककर गोदावरीला गोदावरी न म्हणता ‘गंगा’ म्हणतात, नदीकाठचा बाजार हा ‘गंगेवरचा’ बाजार असतो आणि पावसाळ्यात ‘गंगेला पूर आला’ असेच सांगितले जाते. ही नदी त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. एकदिवशी रामकुंडाच्या पायरीवर बूट हातात धरून घोट्याइतक्या पाण्यात उभा राहतो, छायाचित्र काढून घेतो आणि ‘गंगा झाली’ असे जाहीर करतो. आजीने गंगाजल आणण्यासाठी दिलेली पितळी झाकणाची छोटी बाटली या वेळी सॅकच्या तळाशी, चार्जरच्या वायरीत अडकून पडलेली असते आणि ती कोणालाही आठवत नाही.

कुंडालगत उभा असलेला दुतोंड्या मारुती हा एकदिवशाचे आराध्यदैवत व्हावा अशा योग्यतेचा आहे. दोन्ही दिशांना तोंड असलेली ही मूर्ती नाशिकची पूरमापक पट्टी आहे, म्हणजे पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, या भाषेत गाव पुराची बातमी देते आणि घेते. पाणी नसताना मारुती एका तोंडाने येणारे यात्रेकरू पाहतो आणि दुसऱ्या तोंडाने जाणारे पाहतो. एकदिवशाच्या बाबतीत या दोन दृश्यांत इतके थोडे अंतर असते की एक तोंड पुरले असते.

कपालेश्वराच्या मंदिरात यादीवर पहिला आघात होतो. शिवाच्या समोर नंदी असावा हा सर्वत्र पाळला जाणारा नियम येथे मोडलेला आहे. कथा अशी की ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग शंकराला नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानले आणि गुरूला समोर बसवून घेणे नाकारले. एकदिवशी पायऱ्या चढून वर येतो, सवयीने नंदीच्या कानात इच्छा सांगण्यासाठी वाकू पाहतो आणि नंदीच नसल्याने अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबतो. यादीत ‘कपालेश्वर’ आणि ‘नंदीसोबत फोटो’ असे दोन चौकोन केलेले असतात. पहिल्यात खूण होते, दुसरा रिकामा राहतो, आणि ‘नंदी राहिला’ ही खंत त्याला दिवसभर सोडत नाही. जे असते ते सर्व त्याचे होते आणि जे मुळातच नसते ते राहते, हा त्याच्या प्रवासशास्त्राचा दुर्दैवी नियम आहे.

नारोशंकराच्या मंदिरात तो घंटेखाली उभा राहतो. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या मंदिरावरील घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून आली, म्हणजे चर्चसाठी ओतलेली घंटा शंकरापुढे आली, एवढी मोठी कथा त्या धातूत साठलेली आहे. एकदिवशी मान वर करून पाहतो, ‘मोठी आहे’ असा अभिप्राय देतो, आणि घंटा होते.

काळारामाच्या मंदिराबाबत मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या दगडात उभारलेल्या या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालू ठेवला, आणि तरीही दार उघडले नाही. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या उंबऱ्यावर हजारो माणसांना वर्षानुवर्षे थांबावे लागले, तो एकदिवशी आठ मिनिटांत दोन वेळा ओलांडतो, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. त्याला हे ठाऊक नसते असे नाही, कारण शाळेच्या इतिहासात हा प्रश्न त्याला पाच गुणांना आला होता आणि पाचही गुण मिळाले होते. ‘काळाराम झाला’ हे तो येथेही म्हणतो. पाच जणांपैकी एक मात्र दाराशी जरा अधिक रेंगाळतो, कारण त्याच्या घरी या दाराचे नाव निराळ्या कारणाने घेतले जाते. मित्र त्याला हाक मारतात आणि तो काही न बोलता येतो.

सीतागुंफेसमोर पाच जुने वड आहेत, त्यांवरून ‘पंचवटी’ हे नाव पडले असे सांगतात, आणि यात्रेकरूंना मोजणे सोपे जावे म्हणून त्या झाडांना क्रमांकांच्या पाट्या लावलेल्या आहेत. झाडांना क्रमांक पाहून एकदिवशाला आपल्या पद्धतीवर शासनमान्यतेचा शिक्का बसल्यासारखे वाटते. गुंफेचा मार्ग अरुंद असून त्यातून वाकून, प्रसंगी बसून सरकत जावे लागते. येथे एकदिवशी हटकून अडकतो, कारण तो स्वतः वाकतो पण पाठीवरची सॅक वाकत नाही. त्याच्या मागे नऊवारीतली एक वृद्धा असते, जिचे गुडघे दुखत असतात आणि जी तरीही त्याच्यापेक्षा चपळ असते. ‘बाळा, आधी पाठीवरचं उतरव, मग वाक,’ असे ती सांगते. तो सॅक काढतो, पुढे ढकलतो, स्वतः सरकतो आणि मग मागे वळून त्या वृद्धेला हात देतो. बाहेर पडल्यावर ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडते. या प्रसंगाला यादीत चौकोन नसल्यामुळे त्याची कोठेही नोंद होत नाही.

दुपारी पांडवलेणी होतात. गावाबाहेरच्या त्रिरश्मी डोंगरावर कोरलेल्या या 24 बौद्ध लेण्यांचा पांडवांशी संबंध केवळ नावापुरता आहे, म्हणजे ‘पांडव झाले’ हे वाक्य दोन्ही पदांत चुकीचे ठरते. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून धापा टाकत आलेला एकदिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत येतो. तेथे सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तो प्राकृतात कोरला गेला. या लेखात आपल्या मुलाच्या पराक्रमाचे कौतुक करताना, तो आईच्या सेवेत कधीही कमी पडला नाही, हेही नोंदवलेले आहे. नेमक्या याच ओसरीत एकदिवशाचा फोन वाजतो. ‘जेवलास का?’ या पलीकडच्या प्रश्नाला ‘अगं, लेण्यांत आहे, नंतर करतो,’ असे उत्तर देऊन तो फोन ठेवतो, आणि त्याच्या डोक्याच्या वर, दगडात, दुसऱ्या एका मुलाची मातृभक्ती जवळपास एकोणीसशे वर्षे टिकून राहिलेली असते.

येथवर वाचून एकदिवशाविषयी जो राग येतो, तो योग्य पत्त्यावर पोहोचतो का, हे तपासले पाहिजे. ‘झालं’ हा शब्द या मुलाने स्वतः शोधून काढलेला नाही. आंघोळ झाली का, अभ्यास झाला का, पोर्शन झाला का, फॉर्म भरून झाला का, हेच प्रश्न त्याने जन्मापासून ऐकले आहेत आणि ‘कसं झालं?’ असे त्याला क्वचितच कोणी विचारले आहे. ज्यांनी त्याला हे प्रश्न विचारले, ती वडीलधारी मंडळी अष्टविनायक दोन दिवसांत बसने उरकतात, परतल्यावर ‘आठही झाले’ असे सांगतात, आणि शेजारच्यांचे सातच झाले असल्यास त्यांच्या स्वरात किंचित समाधान असते. सिंहस्थातसुद्धा पहाटेच्या पर्वणीला कुंडात एक बुडी मारून दुपारच्या गाडीने परतणाऱ्यांची संख्या मोठी असते. एकदिवशी हा या समाजाचा बिघडलेला मुलगा नाही. तो फार चांगला शिकलेला मुलगा आहे.

शिवाय, कबूल करणे जड जात असले तरी, तो आला हे खरे आहे. त्याने शिकवणीच्या पैशातून तिकीट काढले, पहाटे साडेचारला उठला, काकूसाठी चिवडा आणि बहिणीसाठी मनुका घेतल्या आणि वाटेत एकदाही कोणाशी उद्धटपणे बोलला नाही. घरी झोपून राहिलेल्या विद्वानापेक्षा धावत का होईना गोदेपर्यंत आलेला मुलगा नदीला जवळचा असतो.

परतीच्या गाडीला दीड तास उरला असताना चार्जर काढण्यासाठी सॅक उघडली जाते आणि रिकामी बाटली हाती लागते. ‘गंगाजल राहिलं!’ हा त्या दिवसातला पहिला खराखुरा उद्गार असतो. यादीतले सुंदरनारायण मंदिर आणि तपोवन हे दोन चौकोन सोडून देऊन पाचही जण पुन्हा रामकुंडावर येतात. बाटली भरताना आजीचे दुसरे वाक्य आठवते, ‘उपाध्यांकडे आपलं नाव विचार.’ तीर्थक्षेत्री यात्रेकरूंचे विधी परंपरेने चालवणाऱ्या पुरोहितांना तीर्थोपाध्याय म्हणतात, आणि त्यांच्याकडे ‘नामावळी’ असते, म्हणजे गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या लांबट वह्या, ज्यांत पूर्वी आलेल्या प्रत्येक यात्रेकरूने आपल्या कुळाची नावे लिहिलेली असतात. चौकशी करत करत पाच जण एका जुन्या वाड्याच्या माडीवर जातात. ‘गाव? आडनाव?’ एवढे दोनच प्रश्न होतात, बासनातून वही निघते, पाने उलटली जातात.

वरच्या ओळी मोडीत आहेत, त्या एकदिवशाला वाचता येत नाहीत. उपाध्ये बोट ठेवून वाचून दाखवतात, तेव्हा त्याचे खापरपणजोबा बैलगाडीने आल्याचे त्याला कळते. त्याखाली पणजोबा आहेत. त्याखाली बाळबोध लिपीत आजोबांची ठाम सही आहे, आणि तिच्या शेजारी, शिरोरेघ अक्षरांपासून किंचित सुटलेली, नुकतेच लिहायला शिकलेल्या हाताने लिहिलेली दुसरी ओळ आहे, जी आजीची आहे. त्या ओळीत ‘चि.’ असे लिहून त्याच्या वडिलांचे नाव आहे आणि पुढे ‘वय सहा महिने’ असे आहे. एकदिवशी मोबाइल बाहेर काढत नाही. आपल्या आधी चार पिढ्यांनी त्याच गावात येऊन आपापली नावे एका यादीत लिहून ठेवली आहेत, आणि त्या यादीत एकही रिकामा चौकोन नाही, हे तो बराच वेळ पाहत राहतो. काळारामाच्या दाराशी रेंगाळलेला मित्र खिडकीजवळ उभा असतो. तो आपले गाव सांगत नाही, आणि उपाध्येही विचारत नाहीत.

मग पेन पुढे केले जाते. एकदिवशी वडिलांच्या नावाखाली आपले नाव लिहितो, तारीख घालतो, आणि दिवसभराच्या सवयीने विचारतो, ‘झालं?’

‘तुमचं झालं,’ वही मिटताना उपाध्ये म्हणतात, ‘खालची जागा पुढच्यांची.’

त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे.